तीन वह्या आणि एक पूर : चिपळूणच्या एका किराणा पेढीचे प्रकरण

लग्नाला भांडी कमी पडली, स्मशानात लाकूड संपले, शाळेचे छप्पर उडाले की लोक ज्याच्या दाराशी जातात, त्याला बाजारात ‘शेठ’ म्हणतात. नुसते दुकान असून हा मान मिळत नाही. तो मिळाला की दुकानाच्या गल्ल्यात तिघांचे हात जायला लागतात : धंद्याचे, घराचे आणि गावाचे. एरवी हे कळतही नाही, पूर आला की कळते.

इथले शेठ कोणी एक नावाचे गृहस्थ नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात सापडलेल्या, चिपळूणच्या बाजारपेठेतल्या घाऊक किराणा पेढीचा हा नमुना बांधला आहे, आणि रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. पुराच्या तारखा, नियम आणि मालाचे वागणे मात्र तसेच आहे, जसे बाजाराने पाहिले.

पेढी दोन भावांच्या भागीदारीची. खाली दुकान आणि मागे गोदाम मिळून हजार चौरस फूट, वर राहते घर. घरात ऐंशीच्या पुढची आई, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, थोरल्यांचा मुलगा आणि सून. कामाला दिवाणजी आणि चार हमाल. गुहागरपासून दसपटीपर्यंतच्या वाड्यावाड्यांतले चाळीसेक लहान दुकानदार इथून माल उचलतात, बहुतेक उधारीवर. थोरले भाऊ म्हणजे शेठ. गल्ली त्यांना अण्णा म्हणते. शाळेच्या संस्थेवर आहेत, गल्लीच्या सार्वजनिक विहिरीची देखभाल त्यांच्याकडे आहे, आणि कोणाचे मयत असले तर सामान त्यांच्याच दुकानातून जाते. त्याचे पैसे कधी लिहिले जातात, कधी नाहीत.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. भिंतीवर पाण्याची रेघ मारली, आणि त्या रेघेच्या वर दोन फुटांवर गोदामात लोखंडी अँगलचे मचाण बांधले. सोळा वर्षे ते मचाण कोरडे राहिले, आणि सगळा विश्वास त्या दोन फुटांवर बसला.

वाशिष्ठी नदी सह्याद्रीचे पाणी उतरवते. कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणीही कोळकेवाडीमार्गे तिच्यातच येते, आणि खाली दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटच्या पुढे शहराच्या अंगाला येऊन टेकते. पात्र गाळाने उथळ झालेले. यातले कोण किती दोषी यावर शहरात आजही वाद आहे. दुकानदाराला त्या वादापेक्षा वेळेचा हिशेब उपयोगी पडतो, आणि तो खाडीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतो : तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास येतो. २०२१ ची आषाढी एकादशी २० जुलैला होती, पौर्णिमा २४ ला. म्हणजे २२ जुलै त्रयोदशी. तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा. उधाणाचे दिवस, घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेला पाऊस, आणि सकाळी दहाच्या आसपास खाडीचे तोंड भरलेले. पहाटे रस्त्यावर पाणी दिसले तेव्हा ते आणखी निदान पाच-सहा तास चढणार हे या एका गुणाकाराने सांगितले असते. अण्णांना हा हिशेब येत होता. पण तो मासळी आणि होडीसाठी, दुकानासाठी तो करायचा असतो हे त्या पहाटे कोणाच्या डोक्यात आले नाही.

साडेचारला दिवाणजींचा फोन आला. ते मार्कंडीहून गुडघाभर पाण्यातून निघाले होते. आल्या आल्या त्यांनी विचारले, “अण्णा, आधी वह्या वर घेऊ की तेल?” अण्णा म्हणाले, “तेल मचाणावर टाका, वह्यांना वेळ आहे.” तासाभरात चार हमालांनी साठ डबे मचाणावर चढवले. तोवर पाणी कमरेला लागले होते. चालू वर्षाच्या दोन खातेवह्या आणि संगणकाची पेटी घेऊन मुलगा वर गेला. उधारीची खातेवही, खरेदीच्या बिलांचे खोके आणि वजनकाटा खाली राहिला.

तिथला निर्णय चुकला, आणि का चुकला हे नीट पाहायला हवे. पंधरा किलो तेलाचा बंद डबा पाण्यात बुडत नाही, तरंगतो, कारण तेल पाण्याहून हलके. तो फुटला नाही तर पाणी ओसरल्यावर दुकानातच कुठेतरी सापडतो. भरलेला घरगुती गॅस सिलिंडरही तरंगतो, म्हणून तो साखळीने खांबाला बांधायचा. साखर विरघळते, तिला वाचवायची तर पहिल्या अर्ध्या तासात. चणाडाळ आणि वाटाणा सर्वांत वाईट. भिजले की फुगतात, पोती उसवतात, आणि थप्पी भिंतीला व दाराला आतून रेटते. गोदामाचे मागचे दार तिसऱ्या दिवशी पहारीने फोडावे लागले ते चिखलामुळे नव्हे, फुगलेल्या वाटाण्यामुळे. कागद मात्र एकदा गेला की गेला. म्हणून वर न्यायचा क्रम असा हवा : आईची औषधे आणि पिण्याचे पाणी, मग कागद, मग संगणक आणि काटा, मग साबण-चहासारखा हलका पण महाग माल, मग साखर. तेल सर्वांत शेवटी. धान्याची थप्पी माणसांच्या बळावर हलवायच्या भानगडीत पडायचेच नाही. पन्नास किलोचे पोते कमरेएवढ्या पाण्यात उचलणारा हमाल घसरला तर तो परत उभा राहील याची खात्री नसते.

पाणी २००५ च्या रेघेच्या वर गेले, मचाणाच्याही वर गेले. घर आणि सगळी माणसे वरच्या मजल्यावर सुखरूप राहिली. गटारे तुंबून संडास उलटा वाहू लागला. पिण्याचे पाणी वीस लिटरचे दोन जार आणि आठ-नऊ तोंडे. आईची रक्तदाबाची गोळी खालच्या गल्ल्याच्या खणात होती, कारण रोज दुपारी ती अण्णांच्या हातूनच घ्यायची तिची सवय. दीड दिवस गोळी चुकली. काही झाले नाही, हे नशीब. पण सगळ्या प्रकरणात सुनेला अजून बोचते ती हीच गोष्ट, आणि आमच्या मते तिचे बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले तेव्हा फरशीवर अर्धा फूट गाळ होता. हजार चौरस फुटांवर अर्धा फूट म्हणजे पाचशे घनफूट, पाच ब्रास. ट्रॅक्टरच्या पाच ट्रॉल्या, तेवढ्या एका दुकानाच्या. गल्लीत अशी चौसष्ट घरे-दुकाने. प्रत्येकाने आपला गाळ आणि सडका माल दारासमोर रस्त्यावर ओढला आणि तासाभरात ट्रॉली आत येणेच बंद झाले. इथे अण्णांच्या शब्दाचा उपयोग झाला. त्यांनी गल्लीत फिरून तीन गोष्टी ठरवून घेतल्या. पहिले काम घरांचे नाही, गटारांचे. नाहीतर धुतलेला गाळ फिरून दारात येतो. कचरा फक्त रस्त्याच्या डाव्या अंगाला. आणि सफाई गल्लीच्या बंद टोकापासून तोंडाकडे. गाळ ओला असेतो फावड्याने निघतो. दोन उन्हे खाल्ली की विटेसारखा बसतो आणि फरशीबरोबर उखडतो. शटरच्या दोन्ही पट्ट्यांतला गाळ आधी तारेने खरवडून पाण्याने धुवायचा, मग शटर हलवायचे. घाईने ओढलेली शटरे खोबणीतून निसटली आणि ती दुरुस्त करायला महिना गेला, कारण सगळ्या बाजाराला मिस्त्री एकाच वेळी हवे होते.

दिवाणजींनी मीटरचा खटका पाडून त्यावर चिकटपट्टी लावली आणि वायरमनने वायरिंगची इन्सुलेशन चाचणी करेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. गुडघाभर चिखलात काम करणाऱ्या सगळ्यांना लेप्टो तापाची प्रतिबंधक गोळी आरोग्य पथकाकडून घ्यायला लावली, गमबूट असोत की नसोत.

विहिरीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाणीपुरवठा बंद, आणि गल्लीत ती एकच विहीर. आधी मोटारीने गढूळ पाणी उपसले, झरे मोकळे झाले, मग माप घेतले. व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर खोल. तीन गुणिले तीन गुणिले चार गुणिले ०.७८५ म्हणजे अठ्ठावीस घनमीटर, अठ्ठावीस हजार लिटर. पुरानंतर हजार लिटरला पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर १४० ग्रॅम. ती तशीच विहिरीत भिरकावायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली भरायची, दहा मिनिटे चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत खोलवर ढवळायचे. तासभर थांबून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पिवळ्या रंगावरून पाहायचे. पहिल्यांदा चाचणीत पिवळा रंग आलाच नाही. पावडर गेल्या पावसाळ्यातली होती, पिशवीचे तोंड वर्षभर उघडे, क्लोरीन उडून गेलेले. नवी पावडर आणून तेच माप पुन्हा केले तेव्हा रंग आला. रंग पाहिल्याशिवाय पाणी वाटले असते तर गल्लीने विहिरीच्या पाण्याला विश्वासाने तोंड लावले असते आणि आठवड्यात जुलाबाची साथ आली असती.

आता पैशांकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

त्या रात्री पेढीत माल होता ४० लाखांचा. विमा होता २५ लाखांचा. हा आकडा कोणी विचार करून ठरवला नव्हता. बँकेच्या सीसी खात्याला, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणाऱ्या कॅश क्रेडिट खात्याला, जेवढे तारण लागते तेवढा विमा वर्षानुवर्षे आपोआप निघत होता. गणपतीचा माल जुलैतच भरला जातो, त्यामुळे साठा वर्षातला सर्वांत जास्त नेमका पुराच्या महिन्यात. तेलाचे डबे साबणवाल्याला गेले त्याचे पैसे वजा करून नुकसान ३६ लाख निघाले. अण्णांची समजूत अशी की विमा २५ लाखांचा, म्हणजे २५ लाख मिळतील. तसे होत नाही. कमी विमा काढला तर कंपनी नुकसानही त्याच प्रमाणात भरते : पंचवीस भागिले चाळीस, म्हणजे साडेबासष्ट टक्के. ३६ लाखांचे साडेबावीस लाख. त्यातून पॉलिसीत लिहिलेली पाच टक्के वजावट गेली, हातात २१ लाख ३७ हजार ५००. १४ लाख ६२ हजार ५०० अंगावर.

त्याहून मोठा प्रश्न पहिल्या आठवड्यात उभा राहिला. नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेयर येईपर्यंत माल हलवायचा नाही असा निरोप, आणि तिसऱ्या दिवशी भिजलेल्या तांदळाचा वास असा की शेजारची बाळंतीण घर सोडून गेली. नगर परिषदेची माणसे माल उचला म्हणतात. ज्याने सगळ्या गल्लीला कचरा काढायला लावला त्याचेच गोदाम कुजते आहे. अण्णा हमालांना घेऊन माल उचलायला निघाले तेव्हा धाकट्या भावाने अडवले. तो म्हणाला, “दादा, पुरावा गेला तर दावा गेला. गल्ली तुला भरून देणार आहे का?” दोघेही खरे होते. मार्ग मुलाने काढला. त्याने कंपनीला मेल टाकली की आरोग्याच्या कारणाने माल अमुक दिवशी हलवत आहोत. प्रत्येक थप्पीचे फोटो, त्यात त्या दिवसाचे वर्तमानपत्र. प्रत्येक पोत्याचे शिवलेले तोंड, लेबलासकट, कापून ठेवले. पोती किती हे त्यावरून मोजता येते. प्रत्येक ट्रॉलीची वजनकाट्याची पावती. शेजारच्या दोघांच्या आणि नगर परिषदेच्या मुकादमाच्या सह्या. वजन मात्र पाण्यासकट येते, हे कागदावर लिहून ठेवायला तो विसरला आणि सर्व्हेयरने नेमके तेच विचारले. पोत्यांची तोंडे होती म्हणून निभावले.

खरेदीची बिले भिजली होती, पण जीएसटीची विवरणपत्रे आणि मालवाहतुकीची ई-वे बिले ऑनलाइन होती. पुरवठादारांकडून प्रती मागवल्या. इथे आणखी एक खड्डा आहे. माल नष्ट झाला तर त्यावर घेतलेली कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, परत करावी लागते. जीएसटी कायद्याचे कलम १७(५)(एच) तसे सांगते. सुट्या धान्याला तेव्हा कर नव्हता, पण साखर-चहाला पाच टक्के आणि साबण-टूथपेस्टला अठरा. पाच टक्क्यांचा १२ लाखांचा माल आणि अठरा टक्क्यांचा चार लाखांचा माल धरला तर साठ हजार आणि बहात्तर हजार, मिळून १ लाख ३२ हजार. ही रक्कम विम्याच्या दाव्यात पहिल्या दिवशीच धरायची असते. बाजारातल्या पुष्कळांना ती करसल्लागाराने मार्चमध्ये सांगितली, दावा मिटल्यानंतर. राज्य सरकारची दुकानदारांना जाहीर झालेली मदत नुकसानीच्या ७५ टक्के पण कमाल ५० हजार होती. ती पंचनाम्यावर मिळते, म्हणून तलाठी येईल त्या वेळी घरातले कोणीतरी कागद घेऊन हजर असलेच पाहिजे.

उधारीची खातेवही चौथ्या दिवशी कपाटाखाली सापडली. ती सुनेने हाती घेतली. तिने वही उघडली नाही. मिटलेली असतानाच स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली कडांचा गाळ धुतला, पंच्यात गुंडाळून पाणी निथळू दिले, आणि पानांचे आठ-दहाचे गठ्ठे होतील अशा बेताने मध्ये कोरे कागद घातले. सावलीत, पंख्याखाली, दर तीन तासांनी कागद बदलत. छापील वर्तमानपत्र घातले तर शाई उतरते. ऊन दिले तर पाने चिकटतात. एकविसाव्या दिवशी पाने सुटली. दिवाणजींच्या बॉलपेनाची अक्षरे शाबूत होती. मुलगा गेल्या दिवाळीपासून जेलपेनाने लिहीत होता, त्याच्या जागी फिकट जांभळा ओघळ. एका पानावर वरच्या तीन ओळी दिवाणजींच्या, खालच्या चार मुलाच्या. तीन वाचता येतात, चार नाहीत. नऊ लाखांच्या उधारीतले जवळपास दोन लाख त्या ओघळात गेले. पैकी बरेच दुकानदारांनी स्वतः येऊन सांगितले, आणि त्यांच्या शब्दावर लिहून घेतले.

इथेच घरात भांडण झाले. पूर ओसरल्याच्या आठवड्यातच अण्णांनी वाड्यांतल्या दुकानदारांना सांगून टाकले होते की जुनी बाकी दिवाळीपर्यंत मागणार नाही आणि नवा माल उधारीवर मिळेल. शब्द गावाच्या प्रेमाचा, पण पैसा भागीदारीचा, आणि भावाला विचारलेले नव्हते. साठा शून्यावर आला म्हणून सीसीची उचल मर्यादाही शून्यावर आली होती. बँकेकडे पुनर्रचनेचा अर्ज वेळेत गेला नसता तर खाते तीन महिन्यांत थकीत झाले असते. धाकट्याने वाटणीचा शब्द काढला. आई त्या रात्री जेवली नाही.

अण्णांचा दिलदारपणा खोटा नव्हता, पण ज्याच्या खिशातून तो जाणार होता त्याला विचारलेले नव्हते, आणि म्हणून आम्ही या ठिकाणी धाकट्या भावाची बाजू घेतो. तोडगा साधा निघाला. तीन वह्या. पहिली पेढीची, तिच्यातून गावासाठी एक रुपयाही थेट जाणार नाही. दुसरी घराची : दोन्ही भावांनी महिन्याला ठरावीक उचल घ्यायची. तिसरी गावाची : तीत अण्णा आपल्या उचलीतून भरतील, भाऊ वाटल्यास भरेल, बाहेरून आलेली मदतही तिथेच जमा होईल. उधारीची सवलत ही पेढीची बाब, त्यामुळे पंचवीस हजारांच्या वर दोघांची सही.

तिसरी वही लगेच कामाला आली. कोल्हापूर, पुणे, मुंबईहून मदतीच्या गाड्या येत होत्या. कपडे आणि बिस्किटे ढीगभर, आणि फावडी, खराटे, फिनेल, मेणबत्त्या, मीठ नाही. पहिले तीन दिवस शिधा देऊन उपयोग नव्हता, चुली आणि गॅस पाण्याखाली गेलेले. शिजवलेले अन्नच लागले. चौथ्या दिवसापासून पाच माणसांच्या घराला आठवड्याचा शिधा : तांदूळ आठ किलो, पीठ पाच, डाळ दोन, तेल एक लिटर, साखर, मीठ, चहा, काड्यापेटी. पैसे देणाऱ्यांनी अण्णांनाच सांगितले की माल तुम्हीच पुरवा, बिल द्या. त्यांनी नकार दिला आणि कराडच्या व्यापाऱ्याकडून बिलावर माल आणवला. एक दिवस उशीर झाला आणि गाडीभाडे वर पडले. तरी हा निर्णय बरोबर होता असे आम्हाला वाटते : मदतीचा माल विकणारा आणि वाटणारा एकच असला की पुढच्या पुरात लोक हिशेब विचारत नाहीत, कुजबुजतात. वाटपाची यादी दुकानाच्या शटरवर रोज संध्याकाळी चिकटवली जाई. चौसष्ट नावे, समोर तारीख आणि सही. दोन भाडेकरू कुटुंबांची नावे यादीत राहून गेली होती, कारण यादी घरमालकांकडून लिहिली होती. तीन दिवसांनी त्यातल्या एकीने येऊन सांगितले तेव्हा यादी दारोदार फिरून पुन्हा केली.

पुढच्या काळात पेढीत फारसे काही दिसण्यासारखे बदलले नाही. मचाण दोन फूट आणखी वर गेले. शहराच्या पाग भागातल्या चढावर भाड्याचे एक लहान गोदाम घेतले. जून ते ऑगस्ट बाजारातल्या दुकानात दहा दिवसांपुरताच माल असतो, बाकी वर. त्यात गाडीभाडे आणि हमाली वाढते, पोत्यामागे काही रुपये, आणि ते दरात धरावे लागतात. विमा आता साठ्याच्या सर्वांत मोठ्या महिन्यावर काढतात. जेलपेन दुकानात नाही. भिंतीवर दोन रेघा आहेत आणि त्यांच्या शेजारी पावसाळ्यातल्या पौर्णिमा-अमावास्यांच्या तारखा, प्रत्येकीच्या आधीचे-नंतरचे तीन दिवस लाल. आईच्या गोळ्यांचा डबा वरच्या मजल्यावर देवघरात असतो. दुपारी अण्णाच वर जातात.

गावाची वही सून लिहिते. पुराच्या मदतीतले ११ हजार ४०० रुपये त्यात शिल्लक राहिले होते. ते दोन वर्षे तसेच पुढे ओढले गेले, मग गल्लीला विचारून विहिरीला लोखंडी जाळी आणि नवा रहाट बसवला. ब्लीचिंग पावडर दर जूनला नवी येते. पिशवीवर तारीख घालून तोंड बांधायचे काम धाकट्या भावाने स्वतःकडे घेतले आहे.